बेटावरची अडुसष्टावी मेंढी

राखीव पाणथळ जागांची एक यादी आहे. इराणातल्या रामसर नावाच्या गावी फार पूर्वी एक करार झाला आणि तेव्हापासून जगभरची तळी, दलदली, खाड्या त्या यादीत नोंदवल्या जातात. म्हणजे त्या बुजवायच्या नाहीत, राखायच्या. आपल्या देशातल्या जागा एकेक करून बघायच्या, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक विचारतात, मग पुढे काय, आणि मला उत्तर देता येत नाही.

सुरुवात नांदूर मधमेश्वरपासून केली. आपल्या राज्यातून त्या यादीत गेलेली ती पहिली जागा, आणि आमच्या घरापासून एका दिवसात पोचण्यासारखी. दुसरंही एक कारण होतं. आम्ही संभाजीनगरच्या गारखेड्यात राहतो. त्या वर्षी पाऊस पोळ्यालाच थांबला होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई, कधी पहाटे, कधी भर दुपारी. बायपासच्या पलीकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि रंगाचा वास जायच्या आधीच त्यांच्या फाटकात टँकर लागत होते. आमचं पाणी जायकवाडीचं, जायकवाडीत येतं ते गोदावरीचं, आणि जायकवाडीत येण्याआधी गोदावरी ज्या दलदलीत थबकते ती ही. म्हणजे मी नळाकडून नदीच्या वरच्या अंगाला निघाले होते.

कॉलेजातल्या सरांनी एक कोरा तक्ता दिला होता. हिवाळ्यात येणारे पक्षी तीन दिवस मोजायचे आणि आकडे भरून द्यायचे. सोबत दुर्बीण, वही आणि अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं छोटं यंत्र. दर दाबाला टिक असा आवाज येतो आणि आकडा एकानं वाढतो. मला हे काम आवडतं, कारण मोजणाऱ्या माणसाशी कुणी बोलत नाही.

वैजापूर

एसटी वैजापूरला थांबली ती बराच वेळ थांबली. चालक चहाला गेला होता. मीही उतरले. मार्केट यार्डाच्या भिंतीबाहेर कांद्याच्या गोण्यांची रांग होती, आणि कांद्याचे सुकलेले पापुद्रे वाऱ्यानं रस्ताभर फिरत होते. चहावाल्यानं माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहिली.

“कुठं निघाल्या मॅडम?”

“नांदूरला. पक्षी बघायला.”

“एवढ्या लांब?” त्यानं गोण्यांवरच्या कावळ्यांकडे बोट केलं. “हे काय वाईट हायेत? चहा घेऊन बसा हितंच. दिसभर बघा, कोण नाय म्हणतंय?”

बाकावरचा म्हातारा हसला आणि म्हणाला, “आरं, तिकडचे इलायतीहून येत्यात. तुझे कावळे वैजापूरचेच.”

मी आणखी एक चहा घेतला. पुढं येवल्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढीच उभी होती, बोंडं आधीच फुटून गेलेली. मग अचानक ऊस दिसायला लागला, द्राक्षांचे मांडव दिसायला लागले, आणि खिडकीतून येणारी हवा गार झाली. आमच्या कोरड्या भागातल्या माणसाला ती हवा अंगावर आली की आधी बरं वाटतं आणि मग थोडा रागच येतो.

पहिला दिवस, चापडगाव

रंगनाथदादा मला घ्यायला फाट्यावर आले होते. पूर्वी ते मासे धरायचे, आता पाहुण्यांना पक्षी दाखवतात. पन्नाशीचा, बारीक माणूस, चालताना पाय अजिबात वाजत नाहीत. त्यांच्या घरी माझी राहण्याची सोय होती. त्यांच्या पत्नीनं, सुमनवहिनींनी, कांद्याच्या पातीची भाजी आणि बाजरीची भाकरी वाढली. आमच्याकडे भाकरी ताटात मोजून येते, दोन म्हणजे दोन. इथे मी नको म्हणेपर्यंत येत राहिली, आणि नको म्हणायला मला उशीर लागतो.

दलदल मला वाटली होती तशी नव्हती. जुन्या बंधाऱ्यामागे इतकी वर्षं गाळ साचलाय की पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते ते डोळ्यांना कळत नाही. हिरवंगार मैदान दिसतं, आणि ते मैदान हळूच श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं. ती जलपर्णी. मी तिच्यावर पाय दिला. रंगनाथदादांनी दंड धरून ओढलं म्हणून मी बाहेर आले, डावा बूट आला नाही. भोक क्षणात बुजलं. जणू तिथं कधी कुणी पाय दिलाच नव्हता.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “खालून काही परत मागायचं नसतं.” आणि मला त्यांच्या मुलीची चप्पल आणून दिली.

लव्हाळ्यांच्या आत जांभळ्या पाणकोंबड्या कण्हत होत्या. नाव ऐकून गोड वाटतं, पण आवाज आजारी माणसाच्या खोलीतून येतो तसा. वर भोवत्या, म्हणजे दलदलीवरचा शिकारी पक्षी, पंख न हलवता फिरत होता. त्याची सावली पाण्यावर आली की हजारो चांदवे, ती काळी पाणपाखरं, एकदम गप्प होत. सगळी दलदल श्वास रोखून बसे. सावली पुढं सरकली की पुन्हा कलकलाट. दिवसभर हेच. मी मनातल्या मनात इंग्रजीत मोजत होते, कारण पन्नासच्या पुढचे मराठी आकडे मला अजून अडखळवतात. दादा शेजारी बसून तंबाखू मळत होते आणि विचारत होते, “किती झाले?” मी आकडा सांगितला की ते दर वेळी “असतील,” एवढंच म्हणत.

उतरत्या उन्हात आम्ही बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गेलो. तिथं नदी जवळजवळ कोरडी होती. काळा खडक, डबकी, आणि मध्ये बाभळी-बोरींचं एक लांबट बेट. काठापासून बेटापर्यंत खडकाची पट्टी होती, घोट्याएवढ्या पाण्याखाली. बेटावर मेंढ्या चरत होत्या. दिवसभर अंगठ्याला सवय लागली होती. मी यंत्र शून्यावर आणलं आणि मोजल्या. अडुसष्ट. पक्षी मोजताना तीनदा मोजतात, म्हणून तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा अडुसष्ट. वहीत मेंढीचं छोटं चित्र काढून शेजारी आकडा लिहिला.

“काय टिचकवायलीस गं?”

मागे एक बाई उभी होती. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण, खांद्यावर काठी. तिच्या मागं घोडं बांधलेलं होतं आणि सुताच्या जाळीचं गोल कुंपण, ज्याला ती वाघर म्हणाली. आत कोकरं होती. नाव धुरपदा. वैजापूर तालुक्यातली धनगर. तिकडे चारा उरला नाही म्हणून नदी धरून वर आली होती. तिचा नवरा पुढच्या गावात, कुणाच्या शेतात खतासाठी कळप बसवायचा ते ठरवायला गेला होता. सोबत फक्त सासरे, ज्यांना ती मामा म्हणायची. ते बेटावर मेंढ्यांपाशी होते.

“मी पक्षी मोजते, मावशी.”

“पाखरं मोज. पाखरं कुणाची नसत्यात. जित्राब मोजू नाय.”

“का?”

“मोजलं की कमी हुतं.” हे तिनं, ऊन लागलं की तहान लागते अशा साध्या स्वरात सांगितलं.

“मग एखादी हरवली तर कळतं कसं?”

तिनं मला थांब म्हणून खूण केली. बेटावरून मेंढ्या काठाकडच्या उथळ पाण्यापर्यंत आल्या आणि तिनं वाघर सोडली. कोकरं धावत सुटली. क्षणभर नुसता कल्लोळ, शंभर गळे एकदम. मग एकेक कोकरू आपल्या आईखाली गेलं आणि तिथं तिथं आवाज बंद होत गेला. शेवटी पूर्ण शांतता झाली.

“बघ. आता कोणी वरडतंय का? नाय. म्हंजी सगळी हायेत. मोजायचं कशाला? जिचं हरवलं ती सांगती.”

कोकरं पाजून झाल्यावर मामांनी मेंढ्या पुन्हा बेटाकडे वळवल्या. तिथं चारा होता आणि कोल्ह्याची भीती नव्हती. धुरपदा माझ्यासाठी मेंढीच्या दुधाचा चहा करायला बसली. दाट, थोडा उग्र. मी वही पिशवीत खोल सारली. मोजून झालंय, हे सांगितलं नाही.

“कुठली गं तू?”

“संभाजीनगर. गारखेडा.”

“मंग आपल्याकडचीच की. तुमच्याकडं पाणी येतंय का?”

“आठवड्यातून एकदा.”

“येतंय ना. मंग झालं.”

दुसरा दिवस

सकाळी आईचा फोन. तिचा आवाज कित्येक दिवसांनी हलका होता. “अगं, वरच्या धरणांतून पाणी सोडलंय आपल्यासाठी. टीव्हीवर सांगताहेत. तुझ्या तिथूनच येणार म्हणे.”

रंगनाथदादांना ते काल रात्रीपासून माहीत होतं. गावात भोंग्यावरून सांगितलं गेलं होतं: अकरा वाजता बंधाऱ्याची गेट उघडतील, नदीपात्रात कुणी उतरू नये. “पात्रातल्या बाईला कुणी सांगितलं का?” मी विचारलं. दादांनी हातातला कप खाली ठेवला. वारा काल उलटा होता, भोंगा पात्रापर्यंत पोचला नसणार.

आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजले असतील. धुकं इतकं की काठावरून बेट दिसत नव्हतं. धुरपदानं ऐकलं आणि एकही प्रश्न न विचारता लुगडं खोचून खडकाच्या पट्टीवर उतरली. मामांना हाक मारून उपयोग नव्हता, त्यांना ऐकू येत नाही. धुक्यात तिचा आवाज येत राहिला, जीभ टाळूला लावून काढलेला, मेंढ्यांना कळणारा. मग पहिली मेंढी धुक्यातून बाहेर आली. तिच्यामागं दुसरी. पट्टी अरुंद, म्हणून सगळ्या एका ओळीत. पाय पाण्यात, पण पाणी वाजत नव्हतं. कापसासारख्या पांढऱ्यातून एकेक काळसर तोंड उगवत होतं आणि माझ्यासमोरून जात होतं.

यंत्र सकाळी निघतानाच शून्यावर आणलेलं होतं, आणि माझा अंगठा आपोआप चालू झाला होता. शेवटी मामा आले, घोंगडी डोक्यावर, हातात काठी. त्यांच्यामागं धुरपदा. यंत्रावर आकडा होता सदुसष्ट.

धुक्यात मेंढ्या गोळा करून आणण्यात बराच वेळ गेला होता. साडेदहा होऊन गेले होते. न बोलता राहिले असते तर चाललं असतं, असं आता वाटतं. पण तेव्हा वाटलं, तिकडे एखादी बाभळीत अडकली असेल आणि मला ते माहीत आहे, फक्त मला.

“मावशी, एक कमी आहे.”

ती वळली. “काय?”

“काल मी मोजल्या होत्या. आज एक कमी आली.”

तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तो आला नाही. ती फक्त माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली. मग तिनं कळपावरून नजर फिरवली, सावकाश, एकेका तोंडावर थांबत. ओठ हलत होते, पण ते आकडे नव्हते, नावं होती. लाखी, मोरी, बांडी, कानफाटी. पूर्ण फेरी झाल्यावर म्हणाली, “माझं एकबी कमी नाय.”

“पण आकडा...”

“आकडा तुझा हाय. मेंढरं माझी.”

मामा आमच्या तोंडांकडे बघत होते. त्यांनी मला हातानं विचारलं, काय झालं? आणि मी ती चूक केली. बोलण्यापेक्षा लिहून दाखवणं मला कायम सोपं गेलंय. मी वही काढली, मेंढीच्या चित्राखालचा ६८ दाखवला, खाली ६७ लिहिला, आणि बेटाकडे बोट केलं.

आकडे मामांना येत होते. त्यांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली, परत दिली. घोंगडी डोक्यावर नीट घेतली. आणि काठी टेकत खडकाच्या पट्टीवर उतरले.

धुरपदाला कळेपर्यंत ते पंधरा-वीस पावलं गेले होते. “मामा! कोणीबी ऱ्हायलं नाय, मामा!” ती हाका मारत होती. ऐकू येत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तरी ती हाका मारत होती. रंगनाथदादा त्यांच्यामागं उतरले, तेवढ्यात बंधाऱ्यावरचा भोंगा वाजला. पहिला इशारा. मामांची पाठ धुक्यात गेली. दादा थोडं पुढं जाऊन थांबले, पायाखाली बघितलं आणि परत फिरले.

पाणी सुटतं तेव्हा मोठा आवाज होत असेल, असं मला वाटायचं. बंधाऱ्यापाशी होत असेलही. आमच्यापाशी आधी फक्त डबक्यातली वाळलेली पानं हलली. मग खडकांच्या मधल्या चिरांत फेसाची बारीक रेघ आली. मग मी पट्टीकडे पाहिलं, तर पट्टी नव्हती. तपकिरी, सपाट पाणी, काहीही न बोलता सरकणारं. धुरपदा उतरायला निघाली. दादांनी तिला दोन्ही हातांनी धरलं. ती जोर करत नव्हती, नुसती उभी होती, तरी दादांनी सोडलं नाही.

धुकं विरलं तेव्हा बेट कालच्यापेक्षा निम्मं झालं होतं. मामा वरच्या टोकाशी बाभळीखाली बसलेले दिसले. दुर्बिणीतून पाहिलं, ते एकटेच होते.

दादांनी फोनवर फोन केले. शेवटी एका साहेबांशी बोलणं झालं. धरणातून निघालेलं पाणी वाटेत परत फिरवता येत नाही. उद्या उजाडताच गेट तासाभरासाठी खाली घेऊ, तोवर बेटाचा वरचा भाग बुडणार नाही, असं ते म्हणाले. “नाही बुडणार ना?” दादांनी दोनदा विचारलं. दोनदा तेच उत्तर आलं. साहेब चांगलं बोलले. पण ते बेट त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

दुपारी आईचा पुन्हा फोन. “सुटलं का गं पाणी? तू बघितलंस ना?”

“हो. सुटलं.”

“भरपूर आहे?”

“भरपूर आहे.”

तिनं बाबांना ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं.

संध्याकाळी एक गोष्ट झाली जिची मला कल्पना नव्हती. खाली जाणारं पाणी वाटेत कुणी उपसू नये म्हणून अशा वेळी दोन्ही काठांची वीज बंद ठेवतात. आल्यापासून माझ्या कानात एक घरघर होती. ती शेकडो मोटारींची होती हे ती थांबल्यावर कळलं. दिवे गेले, मोटारी गेल्या, आणि इतकी शांतता पडली की पाणकोंबड्याही कण्हायच्या थांबल्या. सुमनवहिनी भाकरी घेऊन आल्या होत्या. धुरपदानं एक तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

मग तिनं वाघर सोडली. पुन्हा तोच कल्लोळ, आणि पुन्हा एकेक आवाज विझत गेला. सगळ्यांना सगळी मिळाली. कोणीही ओरडत नव्हतं. धुरपदानं माझ्याकडे पाहिलं.

त्या शांततेत बेटावरून मेंढी ओरडली. एकदाच.

मला पहिल्यांदा वाटला तो आनंद. होती! मी बरोबर मोजलं होतं. मी धुरपदाकडे वळले. ती कळपाकडे बघत होती. एकाही मेंढीनं मान वर केली नव्हती. एकाही कोकरानं दूध सोडलं नव्हतं. कुत्रं मात्र उठून आमच्या मागं येऊन बसलं.

“हा आपला आवाज नाय,” धुरपदा म्हणाली.

“मावशी, माझं चुकलं.”

“चुकलं म्हनून पाणी उतरतंय व्हय?” तिनं जाळात काटकी सारली. “बस खाली. जाळ मोठा ठिव. मामांना ऐकू येत नाय, दिसतंय चांगलं.”

थोड्या वेळानं बेटावर एक लाल ठिपका दिसला. मामांची बिडी. तो विझला की धुरपदा श्वास धरायची, पुन्हा पेटला की सोडायची. “निम्म्याच वढत्यात,” ती म्हणाली. “पुरवायला.” काडीपेटीत किती काड्या असतील, हे मी मनातही आणायचं टाळलं.

तिसरा दिवस

उजाडलं तेव्हा बेट म्हणजे बाभळींचे शेंडे आणि एक अंगणाएवढी जागा एवढंच उरलं होतं. धुक्यात ते पाण्यावर तरंगत असल्यासारखं दिसत होतं. सांगितल्याप्रमाणे गेट खाली आली. पाणी लगेच उतरलं नाही. आधी त्याचा वेग गेला. दादांनी चौघा मासेमारांना आणलं होतं. कमरेला दोर, थर्माकोलचा तराफा. दोघं तराफ्यावर, दोघं काठावर दोर धरून. तराफा धुक्यात शिरला आणि दोर हळूहळू सुटत गेला. मग थांबला. बराच वेळ दोर तसाच पडून होता. धुरपदा दोराकडे बघत होती, बेटाकडे नाही.

दोर हलला. काठावरचे दोघं ओढू लागले.

मामा तराफ्यावर मांडी घालून बसले होते. डोक्याला पागोटं नव्हतं. ते त्यांच्या मांडीवरच्या मेंढीला गुंडाळलेलं होतं.

धुरपदानं आधी मामांना धरून उतरवलं. पाय चोळले, तळवे पाहिले, कोरडं धोतर दिलं, घोंगडी पालटली, चहा हातात दिला. ते थरथरत होते, पण हसत होते. बोटांनी मला खुणावलं: सहा, आठ. बरोबर. मग मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, म्हणाले, “कपारीत बसली व्हती. रातभर माझ्याकडं बघत व्हती. डोळा मिटंना.”

मग धुरपदानं मेंढीचं पागोटं सोडलं.

मेंढी काळी होती, पूर्ण काळी. धुरपदानं तिचे कान पाहिले. प्रत्येक कळपाची कानाला आपापली कातर, म्हणजे ओळखीची खाच, असते. हिचे दोन्ही कान अखंड होते. मग तिनं खूर उचलले आणि मासेमारांना दाखवले. खूर वाढून पुढं वळले होते, रस्त्यावर कधी न चाललेल्या जनावराचे असतात तसे.

“दसऱ्याच्या आधी एक कळप बसला होता तिकडं,” रंगनाथदादा म्हणाले. “त्यातली राहिली असेल.”

“एवढ्यात खुरं अशी व्हत नसत्यात,” धुरपदा म्हणाली. “आन इतके दिस मामा तिथंच व्हते. त्यांना दिसली नाय. ह्या पोरीला दिसली.”

मेंढी आमच्यामध्ये उभी होती. ओरडत नव्हती, थरथरत नव्हती. बाकीचा कळप तिच्यापासून दूर, वाघरीच्या पलीकडच्या कडेला दाटून उभा राहिला होता.

मामांना ती हवी होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कळपाकडे ढकललं. धुरपदानं काठी आडवी धरली. सासऱ्यांशी ती आत्तापर्यंत मान खाली घालून बोलली होती. आता तिनं मान वर केली आणि त्यांना दिसेल अशी हलवली. नाही. मामा बघत राहिले, मग चहाच्या पितळीत बघायला लागले.

“आमच्यात घेतली तर उद्या परत कोणतरी मोजंल,” ती मला म्हणाली, “आन किती भरतील कुणास ठावं.” घोड्याच्या पाठीवरून तिनं दोरीचा तुकडा काढला, मेंढीच्या गळ्यात बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “तू मोजलीस. ही तुझी.”

मला नाही म्हणायला उशीर लागतो. तोवर तिनं वाघर गुंडाळली, चूल मोडली, कोकरं घोड्यावरच्या झोळीत घातली. मामांना तिनं घोड्यापुढं चालायला लावलं, म्हणजे ते तिच्या नजरेत राहतील. जाताना माझ्याजवळ थांबली.

“घरी सांग, पाणी जपून वापरा,” ती म्हणाली. टोमणा होता की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

कळप चढावरून येवल्याच्या रस्त्याकडे निघाला. आपल्या जातीचा कळप निघून जाताना दिसला की कुठलीही मेंढी दोरी तोडायला बघते, असं दादांनी नंतर सांगितलं. हिनं तिकडे पाहिलंही नाही. गेट पुन्हा वर गेली होती, पाणी चढत होतं, आणि ती पाण्याकडे तोंड करून उभी होती. शेवटचं कोकरू चढापलीकडे गेलं तेव्हा ती बेटाच्या दिशेनं ओरडली. काल ऐकलेला तोच आवाज.

मी दादांकडे पाहिलं. जिचं हरवलं ती सांगते, हे त्यांनीही ऐकलं होतं.

“चला, ताई,” ते म्हणाले. “आत्ता निघा.”

दोरी ओढावी लागली. आम्ही भरभर, मोठ्यानं बोलत बांध चढलो. आयुष्यात कुणाशी इतकं बोलले नसेन. भाव, पाऊस, त्यांची मुलगी कुठल्या वर्गात आहे, जे सुचेल ते. तिच्या हाकेला बेटावरून उत्तर येतं का, ते आम्हा दोघांनाही ऐकायचं नव्हतं.